सिद्दींचा ढोल

वाचकहो, शीळफाट्यावरून पनवेलची वाट धरावी आणि तसेच पुढे कोकणात उतरत जावे, म्हणजे मुरूडजवळच्या समुद्रात जंजिरा किल्ला दिसतो. शालेय पुस्तकांतून आपल्याला सिद्दी ठाऊक असतो तो एवढाच : किल्ला, तोफा आणि लढाया. परंतु आफ्रिकेतून आलेल्या या लोकांच्या इतिहासाला दुसरेही एक पान आहे. ते संगीताचे आहे.

कित्येक शतके हे लोक समुद्रमार्गे आपल्या देशात येत राहिले. कोणी व्यापारी होते, कोणी शिपाई, कोणी खलाशी. पुष्कळसे मात्र गुलाम म्हणून विकले गेलेले. त्यांतलाच मलिक अंबर निजामशाहीचा वजीर झाला व १६१० मध्ये त्याने खडकी शहर वसवले. पण वजीर एखादाच होतो. बाकीच्या हजारोंची नावे कोणत्या दफ्तरात शोधावी? त्यांच्याजवळ मालमत्ता नव्हती. होती ती फक्त कानातली लय आणि हातातला ठेका.

तो ठेका गुजरातेत भडोच जिल्ह्यातील रतनपूरला, बावा गोर यांच्या दर्ग्यावर आजही ऐकू येतो. मुगरमान हा पायांवर उभा राहणारा उंच ढोल. मलुंगा म्हणजे भोपळा बांधलेले एकतारी धनुष्य. ते काठीने वाजवतात. गुलामांबरोबर ब्राझीलला पोहोचलेले बेरिम्बाव हे वाद्य याच जातकुळीचे. तेथील नाचाला धमाल किंवा गोमा म्हणतात. आफ्रिकेतील बांटू भाषांत ‘न्गोमा’ म्हणजे ढोल आणि नाचसुद्धा! मुंबईच्या सिद्दींमध्येही ही परंपरा होती.

आता यातील मर्म पाहा. गुजरातचे सिद्दी घरात गुजराती बोलतात, तर यल्लापूर-हल्याळच्या बाजूचे कोकणी. मूळ भाषा गेली. गाण्यांत काही स्वाहिली शब्द तेवढे उरले, ज्यांचा अर्थ गाणाऱ्यांनाही नेहमी सांगता येत नाही. ढोल मात्र टिकला. का टिकला? कारण या मातीतल्या दर्ग्याने, उरुसाने त्याला जागा दिली आणि सर्व धर्मांचे भाविक तो ऐकायला जमले. देश आपला करण्यासाठी त्यांना आपला ढोल टाकून द्यावा लागला नाही.

विद्यार्थी मित्रांनो, वर्गातील एखाद्या सावळ्या, कुरळ्या केसांच्या मुलाला ‘हबशी’ म्हणून चिडवण्यापूर्वी एवढे आठवा : हबश म्हणजे अ‍ॅबिसिनिया, आजचा इथिओपिया. पहिली अजान देणारे हजरत बिलाल हबशीच होते. जो शब्द मानाने घ्यायचा, त्याची आपण शिवी करावी काय?

आणि पालकांनो, आपल्या घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांच्या तोंडी लग्नाची, हळदीची जी गाणी आहेत, ती मुलांकडून वहीत उतरवून घ्या. अक्षरओळख नसलेल्या गुलामांनी आपला ठेवा शेकडो वर्षे सांभाळला. आपल्या मुलांच्या हाती तर लेखणी आहे.