शिकवणी वर्गातील शिक्षक आणि कायदा

महाराष्ट्रात ‘क्लास’ म्हणून ओळखला जाणारा खासगी शिकवणी वर्ग दहावी-बारावीच्या गुणांचे मोल वाढत गेले तसा फोफावला, परंतु तेथील शिक्षकाच्या नोकरीला कायद्याचा आधार तुटपुंजाच लाभला. १९७७ च्या राज्य अधिनियमाने मान्यताप्राप्त खासगी शाळांतील नेमणूक, वेतन व बडतर्फी नियमांत बांधली आणि दाद मागण्यासाठी शाळा न्यायाधिकरण दिले. क्लास मात्र त्या कक्षेबाहेर राहिला.

उरला तो २०२५ पर्यंत लागू असलेला १९४७ चा औद्योगिक विवाद अधिनियम. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये बंगळूर पाणीपुरवठा खटल्यात ‘उद्योग’ या संज्ञेत शिक्षणसंस्थाही आणल्या. तथापि गोव्यातील एका शाळेने कमी केलेल्या शिक्षिकेच्या प्रकरणात याच न्यायालयाने १९८८ मध्ये असा निर्णय दिला की, अध्यापन हे अंगमेहनतीचे, तांत्रिक वा कारकुनी काम नसून उदात्त कार्य असल्यामुळे शिक्षक ‘कामगार’, म्हणजे त्या अधिनियमाखाली दाद मागू शकणारा नोकरदार, ठरत नाही. संस्था उद्योग, पण तिचा शिक्षक कामगार नव्हे, ही विसंगती अन्यायकारकच म्हणावी लागेल. शिक्षकांसाठी स्वतंत्र यंत्रणा असावी, असे न्यायालयानेही त्याच निकालात सुचवले होते.

या पोकळीचा अर्थ तासावर मानधन घेणाऱ्या शिक्षकाच्या दिनक्रमात दिसतो: फळ्यासमोरच्या तासाचे पैसे मिळतात, पण घरी नेलेल्या सराव परीक्षेच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा तपासण्याचे बहुधा मिळत नाहीत, आणि तुकडी संपली की पुढच्या तुकडीपर्यंत उत्पन्नही थांबते.