जुन्या मस्टँगचा गंज : रंगाखालचा खरा प्रश्न
अमेरिकेत १७ एप्रिल १९६४ रोजी दाखल झालेली फोर्ड मस्टँग आजही मसल कारच्या चाहत्यांना भुरळ घालते. मात्र तिच्या पुनरुज्जीवनात इंजिनापेक्षा गंजच अधिक खर्चिक ठरू शकतो. मस्टँगला स्वतंत्र चॅसिस नाही. तळाचा पत्रा आणि दारांखालच्या पोकळ पट्ट्यांसह सारी बॉडीच भार पेलते. त्यामुळे गंज हा केवळ सौंदर्याचा नव्हे, तर सुरक्षिततेचाही प्रश्न ठरतो.

सुरुवातीच्या मस्टँगमध्ये पुढच्या काचेखालील, हवा आत घेणारा कप्पा यासाठी विशेष कुप्रसिद्ध आहे. तेथे पालापाचोळा साचतो, ओल टिकते आणि पत्रा आतून कुजतो. मग पावसाचे पाणी थेट पायांखाली झिरपते. हा कप्पा दुरुस्त न करता तळाचा पत्रा बदलल्यास तो पुन्हा गंजतो.

कापाकापीपूर्वी दारांच्या चौकटींना आतून आधार द्यावा लागतो. अन्यथा सांगाड्याचे माप बिघडते. गंजलेला भाग निरोगी पत्र्यापर्यंत कापून त्याच जाडीचे ठिगळ बसवले जाते. वेल्डिंगचे छोटे टाके आलटूनपालटून, अंतर राखून घातले जातात; सलग वेल्डिंगच्या उष्णतेने पत्रा वाकडा होतो. त्यानंतर घासकाम, इपॉक्सी प्रायमर आणि बंद पोकळ्यांत मेणाचा लेप केला जातो.

पुट्टी किरकोळ उंचसखलपणापुरतीच वापरावी. भोकावर तिचा थर चढवल्यास आत गंज वाढतच राहतो. म्हणून जुनी गाडी घेताना चुंबक लावून पाहावा. जाड पुट्टीवर तो चिकटत नाही.