पेटारा झाला आसन

इझाक वॉल्टनचा गळाच्या मासेमारीवरील इंग्रजी ग्रंथ १६५३ साली निघाला. त्यातील मंडळी पाऊस आला की कुंपणाच्या आडोशास बसतात. फुललेला नदीकाठ हेच त्यांचे आसन. पुढे आगगाडी आली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शेफील्डचे कारागीर सुटीच्या दिवशी लिंकनशायरच्या विदॅम नदीवर झुंडीने जाऊ लागले. अशा गळवाल्यांत विलोच्या फोकांचा विणलेला पेटारा रूढ झाला : आत दोरे, गळ नि शिदोरी, खांद्यास पट्टा, आणि काठावर पोचल्यावर झाकणावरच बैठक! स्टेशनापासून पायी जाणारास हलकेपणा मोलाचा होता.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्लॅस्टिकच्या पेट्या आल्या, मग कार्बनतंतूंचा लांबलचक दांडा. आणि बैठकीचे गणितच पालटले. दहा-बारा मीटरांचा दांडा मांडीवर तोलावयाचा, तर मांडी आडवी, गुडघा काटकोनात आणि तळपाय सपाट टेकलेले हवेत. एरवी पाच तासांच्या स्पर्धेत कंबर धरलीच म्हणून समजा. म्हणून उतरत्या काठासाठी लांबी कमीजास्त होणारे पाय आले, पुढे पाय टेकावयास फळी आली. वजन इतके वाढले की पेटी चाकांच्या गाड्यावरून न्यावी लागते. दिवसभर सरकारी खुर्चीवर बसणाऱ्या आम्हां कारकुनांस विचाराल, तर पेटी घेताना आधी उंची पाहावी. कप्पे मागाहूनही जोडता येतात.