दख्खनच्या माळरानांवरील चराईचा भार : एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना :
पुणे, अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) व सोलापूर जिल्ह्यांच्या पर्जन्यछायेतील माळराने 'अतिचराईने उजाड झालेली पडीक जमीन' म्हणून ओळखली जातात आणि त्याचा दोष बहुधा मेंढपाळावर येतो. तथापि चराईचा भार केवळ जनावरांच्या संख्येवर ठरत नाही. उपलब्ध क्षेत्र व गवताला मिळणारी विश्रांती यांवरही तो अवलंबून असतो. हे दोन घटक इतिहासक्रमात कसे बदलले, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

गवतांची उतरंड :
दबडघाव व शंकरनारायण यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सर्वेक्षणात द्वीपकल्पातील गवताळ प्रदेशाचा समावेश 'सेहिमा–डायकॅन्थियम' या प्रकारात केला आहे. पवना, मारवेल ही त्यातील बहुवर्षायू व सकस गवते. जनावरे प्रथम तीच खातात. वारंवार खुडली गेल्यास त्यांच्या मुळांतील अन्नसाठा घटतो व बी धरण्यास अवधी मिळत नाही. मोकळ्या झालेल्या जागेत कुसळी वाढते. कुसळे धरल्यावर जनावरे ती टाळतात. भार आणखी वाढल्यास ॲरिस्टिडासारखी निकस गवते व वर्षायू तृणे तेवढी उरतात. याउलट चराई पूर्णतः थांबल्यास वाळक्या गवताचा थर साचून ठेंगण्या वनस्पती मागे पडू शकतात.

क्षेत्र व विश्रांतीचा संकोच :
पेशवाईत घोडदळासाठी कुरणे राखली जात. धनगरांचे अनेक वाडे पावसाळा माळावर काढून दिवाळीच्या सुमारास कोकणात उतरत. त्यामुळे कोरड्या महिन्यांत माळावरील भार हलका होई. १८३६ च्या सुमारास गोल्डस्मिड व विंगेट यांनी इंदापूर तालुक्यातून नवी सारापद्धती सुरू केली. सौम्य दरांमुळे पडीक जमीन झपाट्याने नांगराखाली आली. पुढे १८७८ च्या वन कायद्याने राखीव वनांतील चराईवर निर्बंध आले. गायराने व डोंगर जंगलखात्याकडे गेल्याने शेतकऱ्याच्या जनावरांची झालेली कोंडी महात्मा फुले यांनी 'शेतकऱ्याचा असूड' (१८८३) मध्ये मांडली. व्होल्कर यांच्या १८९३ च्या अहवालानंतर १८९४ च्या वननीतीत कुरणांचा स्वतंत्र वर्ग मान्य झाला. परंतु नांगरटीखाली गेलेला माळ परत मिळाला नाही. जनावरे उरलेल्या तुकड्यांवर एकवटली. स्वातंत्र्योत्तर काळात माळांवर वृक्षलागवड झाली आणि गायरानांवर अतिक्रमणे वाढली. गावांच्या सामाईक जमिनींवरील अशी अतिक्रमणे हटविण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयास २०११ मध्ये द्यावा लागला.

निष्कर्ष :
माळावरील आजची वनस्पतिरचना ही केवळ जनावरांच्या तोंडाची करणी नसून सारा, कायदा व जमीनवापर यांचाही लेख आहे. 'अतिचराई' हे कारण मानण्यापूर्वी ती कशाचा परिणाम आहे, हे पाहिले पाहिजे. अन्यथा मेंढपाळास हटवूनही माळ सुधारणार नाही. भार फक्त शेजारच्या गायरानावर सरकेल. कुरण-व्यवस्थापनात संख्येइतकाच क्षेत्राचा व विश्रांतीच्या काळाचा हिशेब होणे म्हणूनच अगत्याचे ठरते.