‘चिनी मातीची’ युरोपातली गोष्ट: नेपल्सचं द्युका दी मार्तिना संग्रहालय कसं पाहावं?

लोणच्याची बरणी ‘चिनी मातीची’ असं आपण सहज म्हणतो. पण त्या ‘चिनी’ शब्दामागे मोठा इतिहास आहे. पातळ, पांढरंशुभ्र पोर्सिलेन चीनमध्ये शेकडो वर्षं बनत होतं. युरोपला ते जमत नव्हतं. ती धडपड एकाच छताखाली पाहायची असेल, तर इटलीतल्या नेपल्सचं द्युका दी मार्तिना संग्रहालय उत्तम.

इमारत कोणाची?
व्होमेरो टेकडीवरचा हा बंगला म्हणजे व्हिला फ्लोरिदियाना. राजा फर्दिनांद याने तो आपली दुसरी पत्नी लुचिया मिल्याच्चो हिच्यासाठी घेतला. वास्तुविशारद अंतोनियो निकोलिनी यांनी १८१७ ते १८१९ दरम्यान त्याला आजचं रूप दिलं.

वस्तू कोणाच्या?
मार्तिनाचे ड्यूक प्लासिदो दे सांग्रो (१८२९–१८९१) यांनी त्या हौसेने जमवल्या. १९११ मध्ये त्यांच्या कुटुंबाने हा संग्रह नेपल्स शहराला भेट दिला. आज इथे सहा हजारांहून अधिक वस्तू आहेत.

सुरुवात कुठून करावी?
तळघरातून. तिथे चीन आणि जपानची भांडी आहेत. ती पाहून वरच्या मजल्यावर गेलात, की युरोप कशाची नक्कल करू पाहत होता ते लगेच कळतं.

वर जर्मनीतल्या माइसेनचं पोर्सिलेन आहे. हा कारखाना १७१० मध्ये ऑगस्टस राजाने सुरू केला. त्याची नात मारिया अमालिया नेपल्सची राणी झाली आणि १७४३ मध्ये तिचा नवरा राजा चार्ल्स याने कापोदीमोन्ते इथे कारखाना काढला. १७५९ मध्ये चार्ल्स स्पेनचा राजा झाला, तेव्हा कारागीर आणि साहित्य घेऊन कारखाना माद्रिदला हलवला. नेपल्सच्या हाती उरली फक्त १६ वर्षांची निर्मिती. पुढे १७७१ मध्ये त्याच्याच मुलाने नवा कारखाना सुरू केला. हा मुलगा म्हणजे व्हिला घेणारा फर्दिनांद!

खरं-खोटं कसं ओळखावं?
जुन्या कापोदीमोन्तेची खूण लिलीचं फूल. मुकुटाखालचं ‘एन’ हे अक्षर नंतरच्या कारखान्याचं, आणि पुढे अनेकांनी ते सर्रास वापरलं. त्यामुळे ते अक्षर दिसलं म्हणून वस्तू जुनी ठरत नाही. खरेदीआधी इथले अस्सल नमुने नीट पाहून घ्या.

जायचं कसं?
किआया फ्युनिक्युलरने चिमारोझा स्थानकावर उतरा. कापोदीमोन्ते संग्रहालय वेगळं आहे, गल्लत करू नका. कोणते मजले खुले आहेत ते आधी तपासा. परतताना बागेच्या टोकाला थांबा. तिथून नेपल्सचा उपसागर दिसतो.