मंगळवारचा समुद्र : एल्मिनाच्या कोळ्यांचा इतिहास

आजच्या व्याख्यानासाठी आम्ही पश्चिम आफ्रिकेतल्या घाना देशाच्या किनाऱ्यावरचं एल्मिना हे गाव निवडलं आहे. इतिहासाच्या पुस्तकात एल्मिना म्हटलं की किल्ला येतो. १४८२ मध्ये पोर्तुगीजांनी तो बांधला, १६३७ मध्ये डचांनी जिंकला, १८७२ मध्ये तो इंग्रजांकडे गेला. सोन्याच्या व्यापारासाठी तो उभा राहिला आणि पुढे त्याच्याच कोठड्यांत गुलाम म्हणून विकायची माणसं कोंडली गेली. हे विसरून चालणार नाही. पण किल्ल्याच्या आधी इथे कोळ्यांची वस्ती होती, आणि आजही ती आहे. तेव्हा आज आपण वाळूवर उभं राहून हा इतिहास पाहू.

दियोगो द अझाम्बुजा किल्ला बांधायला आला, तेव्हा गावचा प्रमुख क्वामेना आन्सा याने त्याला अडवू पाहिलं. अधूनमधून भेटणाऱ्या मित्रांचा स्नेह टिकतो, शेजारी राहायला आले की खटके उडतात, समुद्र आणि किनारा यांचंच बघा ना, असा त्याच्या बोलण्याचा आशय होता. हे आपल्याला पोर्तुगीज बखरकारांमुळेच कळतं, म्हणून शब्द नेमके त्याचेच असतील असं आम्ही म्हणणार नाही. पुढे गवंड्यांनी खडक फोडायला घेतला, तो गावाला पवित्र होता. मारामारी झाली, मग नजराणे देऊन प्रकरण मिटवलं गेलं. त्याच मोहिमेत बार्तोलोमेउ दियाश होता. पुढे १४८८ मध्ये त्यानेच आफ्रिकेच्या टोकाला वळसा घातला आणि त्या वाटेने पोर्तुगीज आपल्या चौल-वसईपर्यंत आले.

आता गावाच्या स्वतःच्या नियमाकडे वळू. हे कोळी फान्ते लोकांपैकी. मंगळवारी ते समुद्रात होडी घालत नाहीत. तो दिवस समुद्राचा. त्या दिवशी जाळी शिवायची, भांडणं मिटवायची. १६०२ मध्ये पीटर द मारेस या डच लेखकानेही या मंगळवारची नोंद केली आहे. म्हणजे प्रथा निदान चारशे वर्षांची झाली. जुलैच्या पहिल्या मंगळवारी 'बाकातुए' हा सण असतो. तोवर बेन्या खाडीत मासेमारी बंद. पुजारी तीनदा जाळं टाकतो, मग खाडी खुली होते. आपल्या नारळी पौर्णिमेची आठवण येते, नाही का?

होडी 'वावा' नावाच्या झाडाचं एकच खोड कोरून करतात. मासळी किनाऱ्याला लागली की ती बायकांच्या हाती जाते. दर ठरवणं, मातीच्या भट्टीवर धुरी देणं, दूर कुमासीच्या बाजारापर्यंत माल पोचवणं, सारं त्याच बघतात. कित्येक होड्यांना भांडवलही त्यांचंच. मासळीबाजाराच्या प्रमुख बाईला 'कोंकोहेने' म्हणतात, तिचा शब्द चालतो.

मग बिघडलं कुठे? १९६० च्या दशकात होड्यांना इंजिनं लागली, जाळी मोठी झाली, होड्याही वाढल्या. त्यात कोळ्यांचाही वाटा आहे, हे मान्य केलं पाहिजे. पण मोठे ट्रॉलर आले, त्यांना मंगळवार ठाऊक नाही. तारलीच्या जातीचा जो मासा होडीवाल्यांचा आधार, तोही ते ओढू लागले आणि त्याच्या गोठवलेल्या लाद्या भर समुद्रात होड्यांना विकू लागले. याला 'साइको' म्हणतात. कायद्याने बंदी असूनही हा धंदा एल्मिनातच फोफावला. कोळ्याने स्वतःच्याच समुद्रातली मासळी विकत घ्यायची! २०१९ मध्ये सरकारने होड्यांना महिनाभर मासेमारी बंद ठेवायला लावली. किनाऱ्यावर नाराजी उसळली.

आम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं. आम्हाला यात जुनाच प्रश्न दिसतो : नियम कुणाला बांधतो? या कोळ्यांना 'थांबा' हे शिकवायची गरज नव्हती, ते दर आठवड्याला थांबतच होते. मंगळवार सगळे पाळत होते, म्हणून त्याला अर्थ होता. एक जण थांबतो आणि दुसरा त्याच वेळी जाळं ओढतो, तेव्हा थांबणाऱ्याचा संयम हा त्याचा तोटा होऊन बसतो. शेजाऱ्याबद्दल क्वामेना आन्साला वाटलेली भीती याहून वेगळी नव्हती.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.