तिसऱ्या रांगेखालचा ॲक्सल

नॅव्हिगेटर घ्यावी की एस्कलेड, हा वाद डेट्रॉईटच्या आमच्या मराठी घरांत पंचवीस वर्षं चालू आहे. बहुतेक जण समोरची जाळी, चाकं आणि हप्ता बघून निकाल लावतात. माझी नोकरी गाड्यांची आसनं बनवण्यात गेली, म्हणून मी आधी मागे जाऊन तिसऱ्या रांगेत बसतो. गुडघे छातीला लागले, की या गाड्यांचा सगळा इतिहास कळतो.

मुळात हे दोन्ही ट्रक. तेलटंचाईनंतर १९७५ साली अमेरिकेनं इंधनबचतीचा कायदा केला. त्यात मोटारींना अट कडक होती, हलक्या ट्रकना सैल. पुढे जास्त पेट्रोल पिणाऱ्या मोटारींवर कर बसला, १९९१ पासून तीस हजार डॉलरवरच्या मोटारींवर चैनीचा कर बसला, आणि मोठे ट्रक दोन्हींतून सुटले. मग श्रीमंत गिऱ्हाइकाला ट्रकच विकावा, हे शहाणपण सुचायला कितीसा वेळ लागणार? टेक्ससमधल्या आर्लिंग्टनच्या कारखान्यात १९९६ पर्यंत कॅडिलॅक फ्लीटवुडसारख्या लांबलचक मोटारी बनत. जनरल मोटर्सनं त्या बंद केल्या आणि तिथं ट्रक घेतले.

पण डाव आधी साधला फोर्डनं. एफ-१५० पिकअपवरून एक्स्पिडिशन निघाली होती. तिच्यावर चामडं, लाकूड आणि भरघोस क्रोम चढवून १९९७ मध्ये इथल्याच वेन गावातून लिंकन नॅव्हिगेटर बाहेर पडली. कॅडिलॅककडे उत्तर नव्हतं. जीएमसी युकॉन डेनाली तयार होत होती, तिलाच कॅडिलॅकचं चिन्ह लावून १९९८ मध्ये घाईघाईनं एस्कलेड आणली. पाच जणांची! नॅव्हिगेटरमध्ये तिसरी रांग होती, हिच्यात ती नव्हतीच. एकाच मांडवात दोन बहिणींना सारखाच शालू नेसवावा, तशी डेनाली आणि एस्कलेडची गत होती. ज्यांनी त्या वर्षी एस्कलेडसाठी जास्त पैसे मोजले, त्यांनी ते चिन्हासाठीच मोजले, असं माझं स्पष्ट मत आहे.

चुरस किती टोकाची होती ते १९९८ च्या अखेरीस दिसलं. कॅडिलॅकनं वर्षाची विक्री १,८७,३४३ सांगितली, लिंकनची १,८७,१२१. म्हणजे अवघ्या २२२ गाड्यांनी कॅडिलॅक पुढे. मे १९९९ मध्ये जनरल मोटर्सनं कबूल केलं, की ४,७७३ गाड्या जास्तीच्या मोजल्या गेल्या होत्या. पहिला नंबर लिंकनकडे गेला. त्या आठवड्यात आमच्या कँटीनमध्ये फोर्डचं काम करणारे आणि जीएमचं काम करणारे वेगवेगळ्या टेबलांवर जेवत होते.

२००२ ची एस्कलेड मात्र खरी तयारी करून आली. ३४५ अश्वशक्तीचं इंजिन होतं, तिसरी रांगही आली. ती रॅपच्या व्हिडिओंत झळकली आणि बाजार तिनं मारला. आणि इथंच माझा आक्षेप आहे. तिच्या मागच्या चाकांना जोडणारा ॲक्सल एकसंध होता. खड्डा आला की तो अख्खा वर उसळतो, त्याला उसळायला जागा लागते, म्हणून वरची जमीन उंच ठेवावी लागते. त्या उंच जमिनीवर बुटकं आसन. नॅव्हिगेटरनं २००३ मध्येच मागची चाकं स्वतंत्र केली. जमीन खाली आली, आणि बटण दाबलं की तिसरी रांग तिच्यात सपाट झोपू लागली. एस्कलेडवाले तेव्हा ते आसन उचलून गॅरेजमध्ये ठेवत. ज्यानं ते एकदा उचललंय, त्याला त्याचं वजन सांगायला नको. २०१५ ची एस्कलेड आसन दुमडू लागली, पण त्यासाठी सामानाची जमीन आणखी वर घेतली. स्वतंत्र सस्पेन्शन आलं ते थेट २०२१ च्या मॉडेलला. अठरा वर्षं! आणि तरीही गिऱ्हाईक एस्कलेडकडेच जास्त, कारण तिसऱ्या रांगेत बसणारा पैसे देत नसतो.

मध्यंतरी करानंही हात दिला. ६,००० पौंडांवरच्या वाहनाचा धंद्यासाठीचा खर्च एकाच वर्षात वजा करण्याची मर्यादा २००३ मध्ये २५ हजारांवरून एक लाख डॉलर झाली. आमच्या ओळखीतल्या डॉक्टरांच्या दवाखान्यांपुढे काळे ट्रक उभे राहिले. २००४ च्या अखेरीस सरकारनं एसयूव्हींपुरती ती पुन्हा २५ हजारांवर आणली.

आता दोन्हींच्या मागच्या चाकांचा हिशेब सारखा झाला. म्हणून हल्ली मी टेप घेऊन गॅरेज मोजायला सांगतो. लांब एस्कलेड, ती ईएसव्ही, सुमारे पावणेसहा मीटर भरते. लांब नॅव्हिगेटर तिच्याहून बारा-तेरा सेंटीमीटर आखूड. आमच्याकडच्या जुन्या घरांत एवढ्या फरकानं दार लागतं किंवा लागत नाही, आणि मिशिगनच्या जानेवारीत ते लागलेलं बरं.